कोणाकडून ऐकलंत?

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनाच्या आठव्या शतकात इराकातल्या बसरा शहरात शुअबा बिन हज्जाज नावाचे एक विद्वान राहत होते. अंगावर धुळीच्या रंगाचे कपडे आणि जायला-यायला एक गाढव. त्या गाढवाची खोगीर-लगामासकट लोकांनी एकदा किंमत केली, तर ती वीस दिरहमांपर्यंतही पोचेना. अशा या माणसाला इराकातल्याच कूफा शहरचे सुफयान सौरी, म्हणजे स्वतःच त्या काळातले अव्वल दर्जाचे पंडित, ‘हदीसमधले अमीरुल मोमिनीन’ म्हणत. अमीरुल मोमिनीन हा खलिफाचा किताब. ना सैन्य, ना खजिना, पण या विद्येतले खलिफा कोण, तर हे गाढववाले गृहस्थ! पुढच्या पिढीत इमाम शाफई म्हणाले, शुअबा नसते तर इराकात हदीस म्हणजे काय हे कोणाला कळलंच नसतं.

हदीस म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. प्रेषित मुहम्मद काय बोलले, कसे वागले, समोर घडलेल्या कोणत्या गोष्टीला त्यांनी हरकत घेतली नाही, याची पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली नोंद म्हणजे हदीस. तिचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष मजकूर. दुसरा, त्या मजकुराआधी येणारी माणसांची नावं: मला अमक्यांनी सांगितलं, त्यांना तमक्यांनी, त्यांना प्रेषितांच्या सोबत्यांनी. या साखळीला सनद म्हणतात, आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाला रावी.

आज हदीसचे जाडजूड ग्रंथ छापलेले मिळतात. शुअबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. बुखारी आणि मुस्लिम यांचे नावाजलेले संग्रह व्हायला अजून शंभर वर्षं अवकाश होता. शुअबा जन्मले ते इ.स. ७०२च्या सुमारास, वासित गावी. प्रेषितांचं निधन ६३२ सालचं. म्हणजे सत्तर वर्षं उलटून गेली होती, प्रेषितांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं जवळजवळ संपली होती, आणि मधल्या काळात मुसलमानांमध्ये आपापसात युद्धं होऊन गट पडले होते. प्रत्येक गटाला आपल्या बाजूने बोलणारी हदीस हवी होती. मशिदीत कथा सांगून पोट भरणारे होते, त्यांना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारी हदीस हवी होती. बसऱ्याचेच इब्न सिरीन म्हणून गेले आहेत की, आधी लोक सनद विचारत नसत. यादवी माजली तेव्हा म्हणू लागले, तुमची माणसं कोण ती नावं सांगा.

शुअबांनी हा प्रश्न जन्मभर विचारला. आणि ज्या हट्टाने विचारला, तो पाहिला की हसूही येतं आणि जरा धास्तीही वाटते.

गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांना हदीसचा नाद नव्हताच. नाद होता कवितेचा. अरबी काव्याचे मोठे जाणकार अस्मई यांनी म्हणून ठेवलं आहे की, कवितेतलं शुअबांपेक्षा जास्त कळणारा माणूस आपण पाहिला नाही. शुअबा तिरिम्माह नावाच्या कवीच्या मागे मागे असत, त्याला कवितेबद्दल विचारत. एक दिवस कूफ्यात ते हकम बिन उतैबा यांच्या बैठकीवरून चालले होते. हकम हदीस सांगत होते, ‘आम्हाला यह्या बिन जज्जार यांनी सांगितलं...’ शुअबा थबकले. मनात म्हणाले, हे तर कवितेपेक्षा सरस आहे! त्या दिवसापासून हदीसची वाट धरली. मला इथे एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. त्यांना पकडलं ते मजकुराने नव्हे. मजकूर अजून सुरूही व्हायचा होता. ‘आम्हाला अमक्यांनी सांगितलं’ या सुरुवातीनेच त्यांना खिळवलं.

आता त्यांची पद्धत ऐका. ते म्हणत, ज्याच्याकडून मी एक हदीस घेतली त्याच्याकडे मी एकाहून जास्त वेळा गेलो आहे. ज्याच्याकडून दहा घेतल्या त्याच्याकडे दहाहून जास्त वेळा, पन्नास घेतल्या त्याच्याकडे पन्नासहून जास्त वेळा, शंभर घेतल्या त्याच्याकडे शंभराहून जास्त वेळा. अपवाद फक्त कूफ्याच्या हय्यान यांचा. त्यांच्याकडे पुन्हा गेलो तर ते वारलेले होते. तोच माणूस तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात तशीच सांगतो का, हे बघायचं असे.

कतादा हे बसऱ्यातले थोर विद्वान, डोळ्यांनी अंध, स्मरणशक्ती अफाट. त्यांना एक सवय होती. कधी ते म्हणत, ‘मला अमक्यांनी सांगितलं’, आणि कधी नुसतंच, ‘अमके म्हणाले’. तुम्हाआम्हाला यात काही फरक वाटणार नाही. शुअबांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. ‘मला सांगितलं’ म्हणजे समोर बसून ऐकलं. ‘अमके म्हणाले’ म्हणजे मध्ये एखादा माणूस गाळलेला असू शकतो, आणि तो गाळलेला माणूसच कच्चा असू शकतो. अशा झाकपाकीला हदीसच्या शास्त्रात तदलीस म्हणतात. शुअबा सांगतात, मी कतादांच्या तोंडाकडे टक लावून बसायचो. ‘मला सांगितलं’ असे शब्द बाहेर पडले की लिहून घ्यायचो; ‘अमके म्हणाले’ आलं की हात आखडता घ्यायचो. म्हणूनच नंतरचे पंडित निर्धास्त असत: कतादांची हदीस शुअबांच्या मार्फत आली असेल, तर मधला माणूस गाळलेला नाही. कतादा, आमश आणि अबू इसहाक, या तिघांच्या तदलीसचा बंदोबस्त मी तुमच्यासाठी करून ठेवला आहे, असं शुअबा स्वतःच सांगत. जिच्यात ‘आम्हाला सांगितलं’ नाही ती हदीस म्हणजे सिरका आणि पालेभाजी, हाही त्यांचाच शेरा. आणि स्वतःबद्दल काय, तर जे मी ऐकलं नाही ते ऐकलं असं भासवण्यापेक्षा आकाशातून खाली कोसळलेलं मला परवडेल.

अबू इसहाक यांचं नाव आलंच आहे, तर आता ती प्रसिद्ध यात्रा सांगतो. जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘शुअबा विश्वासार्ह होते’ म्हणून भागत नाही. विश्वासार्ह होण्याची किंमत काय पडते ते या गोष्टीत दिसतं.

अबू इसहाक हे कूफ्याचे वयोवृद्ध गुरू. ते एकदा हदीस सांगत होते: अब्दुल्ला बिन अता यांच्याकडून, त्यांना उक्बा बिन आमिर यांच्याकडून. उक्बा हे प्रेषितांचे सोबती. हदीस सुंदर आहे. उक्बा म्हणतात, आम्ही उंट चारायला पाळीपाळीने जात असू. माझी पाळी संपवून संध्याकाळी उंट परत आणले, तर प्रेषित लोकांशी बोलत उभे होते. नीट वजू करून, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुऊन, मन लावून नमाज पढणाऱ्याला काय मिळतं, ते सांगत होते. वजूनंतर साक्षीचे शब्द उच्चारणाऱ्यासाठी स्वर्गाचे आठही दरवाजे उघडतात, असं त्यात पुढे येतं.

मजकूर ऐकून कोणाचंही मन भरून यावं. शुअबांनी विचारलं, ‘या अब्दुल्ला बिन अतांनी उक्बांकडून स्वतः ऐकलं का?’

अबू इसहाक संतापले. भर बैठकीत, म्हाताऱ्या गुरूला, एका शिष्याने असं विचारायचं! शेजारी मिसअर नावाचे विद्वान बसले होते. ते म्हणाले, ‘तू शेखना राग आणलास.’ आणि मग त्यांनीच हळूच वाट दाखवली: ‘अब्दुल्ला बिन अता मक्केत आहेत. जिवंत आहेत.’

शुअबा मक्केला निघाले. कूफा ते मक्का, वाळवंटातून तेराशे-चौदाशे किलोमीटरची वाट. ते सांगतात, मला त्या वर्षी हज करायचा नव्हता, मला ती हदीस हवी होती. मक्केत अब्दुल्ला भेटले. ‘उक्बांकडून ऐकलंत?’ ‘नाही. मला साद बिन इब्राहीम यांनी सांगितलं.’ म्हणजे मधला एक माणूस निघाला. साद कुठे आहेत? मदिन्याचे इमाम मालिक तिथे भेटले, त्यांनी सांगितलं, साद या वर्षी हजला आलेले नाहीत, मदिन्यातच आहेत.

मदिना गाठलं. ‘कोणाकडून ऐकलंत?’ साद म्हणाले, ‘अहो, ही तर तुमच्याकडचीच हदीस! बसऱ्याच्या जियाद बिन मिखराक यांनी मला सांगितली.’ इथे शुअबांचा जो उद्गार आहे तो वैतागाचा आहे की कौतुकाचा, मला अजून ठरवता आलेलं नाही: ‘काय ही हदीस! आधी कूफ्याची होती, मग मक्केची झाली, मग मदिन्याची, आणि आता परत बसऱ्याला निघाली!’

मदिन्याहून बसरा आणखी हजार किलोमीटरहून जास्त. प्रवासाची धूळ अंगावर घेऊन ते जियाद यांच्यापुढे उभे राहिले. जियाद त्यांना ओळखून होते. म्हणाले, ‘ही तुझ्या कामाची नाही.’ ‘सांगा तर खरं.’ ‘नको, तुला आवडायची नाही.’ ‘सांगाच.’ शेवटी जियाद बोलले: ‘मला शहर बिन हौशब यांनी सांगितलं, त्यांना अबू रैहाना यांनी, त्यांना उक्बांनी.’

शहर बिन हौशब! शुअबांच्या मते हा भरवशाचा माणूस नव्हता. ते म्हणाले, ‘शहरचं नाव निघालं आणि माझ्यासाठी या हदीसची माती झाली. ही जर खरोखर प्रेषितांपर्यंत पोचली असती, तर ती मला माझ्या घरादारापेक्षा, मालमत्तेपेक्षा, सगळ्या माणसांपेक्षा प्रिय झाली असती.’

कूफ्यात जी साखळी दोन माणसांची दिसत होती, तिच्यात चार माणसं गाळलेली निघाली, आणि त्या चारांतला एक नेमका डळमळीत. अबू इसहाक खोटारडे नव्हते. ते आजही मोठेच रावी मानले जातात. पण शिष्याने त्या दिवशी त्यांच्या रागाला मान देऊन गप्प बसायचं ठरवलं असतं, तर ती साखळी तशीच पुढे गेली असती.

या गोष्टीला एक शेपूटही आहे, आणि ते सहसा सांगितलं जात नाही. उंट चारणाऱ्या उक्बांची हीच हदीस शामच्या, म्हणजे सीरियाकडच्या, विद्वानांच्या वेगळ्या, सलग साखळीने आली आहे, आणि इमाम मुस्लिम यांनी ती आपल्या ‘सहीह’ संग्रहात घेतली आहे. म्हणजे मजकूर खरा होता! शुअबांपाशी तो ज्या वाटेने आला, ती वाट कच्ची होती. आणि शहर बिन हौशब यांच्याबद्दलही पुढे मतभेद राहिले. काही मोठ्या टीकाकारांनी त्यांना बरं म्हटलं आहे.

या गोष्टी आपल्यापर्यंत कशा आल्या? दहाव्या शतकात इराणातल्या रय शहरच्या इब्न अबी हातिम यांनी रावींच्या परीक्षणाचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेच्या खंडात शुअबांवर लांबलचक प्रकरण आहे. आणि हा अरबी ग्रंथ छापून निघाला तो कैरोत नव्हे, बगदादेत नव्हे, तर आपल्या शेजारी हैदराबादला, दाइरतुल मआरिफ या संस्थेत. संस्था सुरू झाली १८८८ साली, निजामाच्या राज्यात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. रावींच्या चरित्रांचे कितीतरी ग्रंथ या छापखान्याने जगाला प्रथम वाचायला दिले. मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

बरं, शुअबांचा हा काटेकोरपणा नेहमी न्यायाचाच असे का? नाही, असं मला वाटतं. मिनहाल बिन अम्र नावाचे एक रावी होते. शुअबा त्यांच्या घरापाशी गेले, आतून तंबुऱ्याचे सूर ऐकू आले. रावीच्या घरी गाणं-बजावणं त्यांना खपलं नाही, आणि ते दारातूनच परत फिरले. त्यांच्याकडून हदीस घेतली नाही. हे ऐकून वहब बिन जरीर यांनी त्यांना विचारलं, ‘अहो, पण आत जाऊन विचारायचं तरी! कदाचित त्यांना त्याची कल्पनाही नसेल.’ प्रश्न बिनतोड आहे. पुढे खुद्द बुखारींनी मिनहाल यांची हदीस आपल्या संग्रहात घेतली. जन्मभर ‘विचारलंत का?’ म्हणत फिरलेल्या माणसाने इथे विचारलं नाही.

दुसरीकडे, अबान बिन अबी अय्याश हे मोठे भाविक गृहस्थ, पण हदीसमध्ये अगदीच बेभरवशाचे. शुअबा त्यांच्यावर चारचौघांत टीका करत. बसऱ्याची काही प्रतिष्ठित मंडळी, त्यांत हम्माद बिन जैद होते, शुअबांकडे गेली. म्हणाली, त्या माणसाच्या वयाकडे बघा, घराण्याकडे बघा, जरा आवरतं घ्या. शुअबा भिडेला पडले, बरं म्हणाले. पण पुढे भेट झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, ‘मला गप्प राहता येत नाही. हा धर्माचा मामला आहे.’ इस्लाममध्ये पाठीमागे निंदा करणं पाप मानतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते मित्रांना म्हणत, ‘या, घटकाभर अल्लाहसाठी निंदा करू या!’ रावी पारखायला बसण्याचं हे त्यांचं निमंत्रण.

इतकं करून हाती काय लागलं? गरिबी. ‘हदीसच्या मागे लागला तो कंगाल झाला,’ असं ते म्हणत. ‘मी माझ्या आईचं घंगाळ सात दीनारांना विकलं.’ दोन भाऊ, बश्शार आणि हम्माद, सराफीचा धंदा करत. त्यांच्यावर घर चाले. शिष्यांना ते बजावत, ‘बाबांनो, बाजार सोडू नका. मी भावांच्या जिवावर जगतो आहे.’ तरीही दाराशी आलेला भिकारी रिकाम्या हाताने जात नसे. एकदा सुलैमान बिन मुगीरा त्यांच्याकडे गाढव मेल्याचं रडगाणं घेऊन आले, तर शुअबांनी आपलं गाढव त्यांना देऊन टाकलं.

असा माणूस एकदा खलिफाच्या दरबारी गेला. भावाने भागीदारांबरोबर सरकारी धान्य खरेदी केलं, धंदा बुडाला, आणि त्याच्या वाट्याच्या सहा हजार दीनारांपायी तो कैदेत पडला. शुअबा खलिफा महदींपुढे उभे राहिले. महदी गादीवर आले ७७५ साली आणि शुअबा वारले ७७६ साली, तेव्हा हे अगदी अखेरचे दिवस. मागणं कसं मांडलं ऐका. ‘अमीरुल मोमिनीन, कतादा आणि सिमाक बिन हर्ब यांनी मला उमय्या बिन अबी सल्तच्या ओळी ऐकवल्या होत्या...’ उमय्या हा जुना अरबी कवी. म्हणजे कविता म्हणायची तरी आधी सनद! ओळींचा आशय असा: मी माझी गरज बोलून दाखवू, की तुझी भीडच मला पुरेशी आहे? महदी म्हणाले, ‘नको, अबू बिस्ताम (हे शुअबांचंच आदराचं नाव), बोलू नका. आम्हाला कळलं आणि काम झालं.’ भावाला सोडून दिलं, देणं माफ केलं. वर शुअबांना तीस हजार दिरहम मिळाले, ते त्यांनी वाटून टाकले. सुफयान सौरी दरबारापासून कटाक्षाने दूर राहणारे. ते पुटपुटले, ‘बघा, शुअबाही त्यांच्या दारी गेले.’ हे कानावर आलं तेव्हा शुअबांनी एवढंच उत्तर दिलं: ‘त्यांचा भाऊ कैदेत नव्हता.’

या दोघांचं नातं मात्र पक्कं होतं. शुअबा म्हणत, माझ्यात आणि सुफयानमध्ये फरक पडला तर सुफयानचं खरं धरा. आणि शुअबा गेल्याची बातमी आली तेव्हा सुफयान म्हणाले, ‘हदीस मेली.’

हदीस मेली नाही, कारण मागे शिष्य होते. यह्या बिन सईद कत्तान वीस वर्षं त्यांच्याजवळ राहिले. ते सांगतात की एका बैठकीत तीनपासून फार तर दहा हदीस पदरात पडत. गुंदर हे टोपणनाव पडलेले मुहम्मद बिन जाफर यांनीही वर्षानुवर्षं बसून लिहून घेतलं. शुअबा काय म्हणाले यावर पुढे वाद झाला की गुंदर यांची वही उघडत.

या लोकांनी शुअबांनाही सोडलं नाही. शुअबा मजकूर पाठ करण्यात इतके गुंतत की माणसांच्या नावांत चुकत, हे त्यांनी स्वच्छ नोंदवून ठेवलं. एक उदाहरण ठळक आहे. हजरत अली यांनी वजू कसा करायचा ते दाखवलं, ही हदीस खालिद बिन अल्कमा यांच्याकडून आलेली. शुअबा त्यांचं नाव घेत ‘मालिक बिन उरफुता’.

अबू अवाना नावाचे एक विद्वान, हेही वासितचेच. त्यांची ख्याती अशी की तोंडी सांगताना कधी चुकतील, पण वहीतून वाचताना पक्के. एके दिवशी त्यांनी ही हदीस सांगताना ‘मालिक बिन उरफुता’ म्हटलं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने टोकलं, ‘अल्लाह तुमचं भलं करो, हे तर खालिद बिन अल्कमा. चूक शुअबांची आहे.’ अबू अवाना म्हणाले, ‘माझ्या वहीतही खालिद बिन अल्कमाच आहे. पण शुअबा मला म्हणाले, ते मालिक बिन उरफुता.’

हदीसचे एक नावाजलेले संग्राहक अबू दाऊद यांनी नंतर याचा माग काढला. अबू अवानांकडून ज्यांनी आधीच्या काळात ऐकलं, ते मालिक म्हणतात. ज्यांनी उशिरा ऐकलं, ते खालिद म्हणतात. तेव्हा अबू अवाना पुढे केव्हातरी आपल्या वहीकडे परतले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला आहे.